खालचा पाणवठा



पाण्याला जात नसते असं म्हणायची फॅशन आहे. असं म्हणणारा बहुतेक वेळा पाणवठ्याच्या वरच्या अंगाला राहणारा असतो. खालच्या अंगाच्या माणसाला एकदा विचारून बघा.

माझी आजी वेल्ह्याकडची. (तालुक्याचं नाव २०२४ साली मंत्रिमंडळानं राजगड ठरवलं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे.) गुंजवणीच्या काठचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं दुसरं कुठलंही गाव घातलं तरी पुढची हकिकत तीच राहील. नदीवर पाणवठे तीन. सगळ्यांत वर पाटलाचा आणि बामणाचा. त्याच्याखाली कुणब्यांचा, तिथंच म्हशी धुवायच्या, गोधड्या आपटायच्या. आणि सगळ्यांत खाली आपला. म्हणजे वरच्यांनी प्यायचं, अंग धुवायचं, म्हसरं धुवायची, आणि हे सगळं मिसळून जे खाली येईल ते आजीनं घागरीत भरायचं. एवढं करून बाट कुणाला लागणार? तर वरच्याला! पाणी वरून खाली येतं, खालून वर जात नाही, एवढं म्हशीलाबी कळतं. पण आजीचा हात पाण्याला लागला की तो बाट उलटा चढून पाटलाच्या घागरीत जाऊन बसायचा. उताराचं पाणी चढावर नेणारं असलं यंत्र जगात दुसरं नसेल.

आजी ते वाहतं पाणी पीत नव्हती. ती काठाच्या वाळूत हातानं खड्डा उकरायची. झिरा. वाळूतून पाणी झिरपून यायचं. पहिलं गढूळ उपसून टाकायचं, मग नितळ येईस्तोवर बसून राहायचं, आणि करवंटीनं थोडं थोडं करत घागर भरायची. एका घागरीला तास मोडायचा. पावसाळ्यात नदी फुगली की झिरा बुजायचा, आणि मग वस्तीत जुलाब-वांत्या सुरू व्हायच्या. तिची दोन भावंडं तशीच गेली. देवीचा कोप म्हणून गेली, असं तेव्हा सांगत.

हा झिरा ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

मागं भोरला आपला अभ्यासवर्ग झाला. बोलणं नद्यांवर आलं. कुणीतरी म्हणालं, नीरेसाठी, मुळा-मुठेसाठी जे लोक भांडताहेत त्यांच्यात आपण का नाही? त्यावर एक दोस्त उठला. कंत्राटी सफाई कामगाराचा पोरगा. म्हणाला, "नदी साफ करायचं माझ्यापुढं बोलायचं नाय. दोन हजार वर्षं आपण साफच करतोय. त्यांचं मेलेलं ढोर आपण ओढलं, त्यांचा मैला आपण वाह्यला, आता त्यांची नदी पण आपणच धुवायची? घाट त्यांचे, आरत्या त्यांच्या, चंद्रभागा त्यांची. सडू द्या की!" टाळ्या पडल्या.

मला सभेत बोलणं जमत नाही. कविता वाचतानासुद्धा हातातला कागद हलतो. म्हणून इथं लिहितोय. त्या दोस्ताचा राग खरा आहे. खऱ्या रागाला उडवून लावायचं नसतं, त्याच्याशी बोलत बसायचं असतं. त्यानं टाकलेला प्रश्न सरळ मांडला तर असा होतो: ज्यानं घाण केली नाही त्याच्यावर ती काढायची जबाबदारी येते का? आणि येत नसेल, तर त्यानं हात झाडून मोकळं व्हायचं का?

त्याआधी घाण म्हणजे काय ते बघू. कारण ह्या देशात घाण ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांची मुद्दाम गल्लत केलेली आहे.

भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सार्वजनिक होतं, महाडच्या मुन्शिपाल्टीनं १९२४ सालीच ते सगळ्यांना खुलं करायचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर आणि तळं गावात. आपली माणसं पाणी प्यायली आणि तळं बाटलं. मग काय केलं धर्ममार्तंडांनी? १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हटले आणि ते सगळं परत तळ्यात ओतलं. तळं शुद्ध झालं! पुढं कोर्टकचेरी दहा वर्षं चालली, मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपला हक्क कायम झाला. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्या घागरींकडं मी एका वेगळ्याच जागेवरून बघायला शिकलो, ते सांगतो.

मी कापडाच्या प्रोसेस गिरणीत आहे, रंगाई खात्यात. गिरणीचं नाव लिहिलं तर उद्या गेटवर अडवतील. युनियनची पत्रकं वाटली म्हणून मला तिथल्या सांडपाण्याच्या प्लँटवर टाकलं. ती जागा म्हणजे शिक्षेची जागा समजतात. रात्रपाळीला तिथं मोटारींचा घुमणारा आवाज ऐकायचा आणि तासातासाला वहीत आकडे भरायचे. मी दहावी नापास. ज्या आकड्यांखाली आपण सही करतोय ते आकडे काय आहेत हे कळेना, म्हणून केमिस्टला विचारत, रद्दीतून पुस्तकं आणत शिकलो. सहा डिसेंबरला दादरच्या स्टॉलवरून बाबासाहेबांचे खंड आणायचे आणि ते पण त्याच मोटारींच्या आवाजात वाचायचे, असं चाललं. दोन्ही वाचनं डोक्यात मिसळली ती त्यामुळंच.

त्या वहीत एक रकाना असतो, बीओडीचा. पाण्यात शेण, मूत, मैला, खरकटं, साबण असलं काही गेलं की त्यावर जिवाणू तुटून पडतात. खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतील त्याचं माप म्हणजे बीओडी, लिटरमागं मिलिग्रॅममध्ये. नदीत आंघोळ करायची तर हा आकडा ३ च्या आत पाहिजे आणि विरघळलेला प्राणवायू ५ च्या वर. शहराच्या गटारातल्या कच्च्या मैलापाण्याचा आकडा दोनशे-तीनशे असतो. असलं पाणी नदीत सोडलं की नदीतले जिवाणू हावऱ्यासारखे खात सुटतात, सगळा प्राणवायू संपवतात, आणि मासा पाण्यातच गुदमरतो. नंतर प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य येतं. नदी काळी पडते, सडक्या अंड्याचा वास मारते. तो वास म्हणजे नदीचा जीव गुदमरल्याचा वास.

आता चवदार तळ्याचं बघा. माणसानं ओंजळीनं पाणी पिऊन तळ्याचा बीओडी अर्ध्या मिलिग्रॅमनंही वाढला नसता. शेणमुताच्या घागरींनी तो वाढलाच असणार. म्हणजे त्या दिवशी तळं खरोखर कुणी घाण केलं असेल, तर ते शुद्ध करणाऱ्यांनी केलं. बाट आणि घाण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाट माणसाच्या जन्मात शोधतात, घाण बाटलीत भरून तपासता येते. बाटेला मंत्र लागतो, घाणीला मंत्र चालत नाही. आणि जो समाज शेकडो वर्षं बाट धुण्यात गुंग राहिला, त्याला घाण काय असते हे शिकायला सवड झाली नाही. गंगेत प्रेतं, चंद्रभागेत मैला, आणि हातात तीर्थ! ह्या लोकांना नदी पवित्र वाटते म्हणूनच ती घाण करायला भीती वाटत नाही. पवित्र गोष्ट बाटत नाही, मग तिच्यात काहीही टाका.

दोस्ताला माझं पहिलं म्हणणं हे, की नदी पवित्र आहे म्हणून ती स्वच्छ करा, असं म्हणणाऱ्यांच्या ओळीत आपल्याला उभंच राहायचं नाही. आपलं भांडण पाण्याच्या मापाचं आहे. बीओडीच्या रकान्याला गोत्र विचारता येत नाही. ही भाषा आपल्या सोयीची आहे.

प्लँटमध्ये काय चालतं तेही सांगतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांना हे ठाऊक नसतं आणि मग इंजिनियर बोलला की सगळे माना डोलावतात. गिरणीच्या पाण्यात रंग, कॉस्टिक, मीठ असतं. शहराच्या मैलापाण्यात हे कमी. पण मधला कारखाना दोन्हीकडं तोच. आधी जाळी: चिंध्या, प्लॅस्टिक, केस अडवायचे. मग वाळू आणि जड गाळ खाली बसू द्यायचा. मग मोठी टाकी, तिच्यात खालून हवा सोडायची, फुसफुस करत रात्रंदिवस. ह्या टाकीत जिवाणू पाळलेले असतात. चॉकलेटी रंगाचा दाट गाळ दिसतो, पण तो जिवंत आहे. नदीत जे खायचं आणि ज्यासाठी नदीचा प्राणवायू संपवायचा, ते इथं खायला घालायचं आणि हवा आपण पुरवायची. पोट भरलेले जिवाणू पुढच्या टाकीत तळाला बसतात, वरचं पाणी निवळ होऊन बाहेर पडतं, आणि तळातले थोडे जिवाणू परत पहिल्या टाकीत कामावर. पाळी बदलते, काम चालू. आमच्यासारखंच. ही रीत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट ह्या दोघांनी जगापुढं मांडली. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं गाव! हे वाचलं त्या रात्री मला उगाचच बरं वाटलं.

ह्यात एक खोच आहे. हवा बंद पडली की टाकीतले जिवाणूही गुदमरतात, आणि टाकीचं परत डबकं होतं. हवेला वीज लागते, विजेला पैसा लागतो. म्हणून प्लँट बांधणं सोपं आणि चालवणं अवघड. उद्घाटनाच्या फितीला एकदाच खर्च येतो.

सगळ्या देशाचा हिशेब केंद्रीय प्रदूषण मंडळानं काढला होता, २०२०-२१ चा. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं. प्लँटची ताकद ३१,८४१. आणि खरोखर प्रक्रिया होते ती २०,२३६ वर. म्हणजे दहा घागरींतल्या सात घागरी तशाच खाली सोडल्या जातात. २०२२ च्या यादीत देशभरातले नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित धरले, त्यांत सगळ्यांत जास्त, ५५, आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात.

खाली सोडल्या जातात म्हणजे कुणाच्या खाली? इथं परत आजीच्या नदीवर यावं लागतं.

भोर आणि वेल्हे हे पाणी पिकवणारे तालुके. आंबी नदीवर पानशेत, मोशीवर वरसगाव, येळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर, शिवाय गुंजवणी धरण. भाटघरचं पहिलं धरण इंग्रजांनी १८९२ सालचं, मग त्याच्या जागी मोठं लॉईड धरण १९२० च्या दशकात उभं राहिलं. गावं इथली बुडाली, ऊस बारामतीकडं पिकला. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्या दिवशी पुण्याला वेल्ह्याचं नाव कळलं. एरवी नळ सोडताना कुणाला आठवतं? पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं आणि पुणेकर ते पितात. प्यायलं ते ठीक. माणसानं पाणी प्यावंच. पण प्यायलेलं, धुतलेलं, हगलेलं पाणी गटारातून मुठेत, तिथून मुळा-मुठा होऊन भीमेत, भीमेतून उजनीच्या धरणात जातं. दौंड-इंदापूरच्या गावांना मिळतं ते हे.

आणि भोरवरून निघालेली नीरा दुसऱ्या वाटेनं जाते. नीरा-नरसिंगपूरला ती भीमेला मिळते. म्हणजे डोंगराच्या दोन अंगांनी निघालेली आमची दोन पाणी, एक पुण्याच्या पोटातून फिरून आलेलं, एक उसाच्या शेतांतून, शेवटी एकत्र होतात आणि तशीच पंढरपुराला जातात. तिथं महाद्वाराच्या पायरीपाशी चोखोबाची समाधी आहे. आयुष्यभर त्याला दाराबाहेर ठेवला, मेल्यावरही दाराबाहेरच ठेवला. आणि ज्या पाण्यात आषाढीला लाखो लोक बुड्या मारतात ते पाणी वरच्या शहरांनी वापरून सोडलेलं! चोखोबाला बाट म्हणून अडवणाऱ्यांच्या वंशजांना घाण मात्र ओंजळीत घ्यावी लागते. मला ह्याच्यात आनंद होत नाही. खूप लोकांना होतो, त्या दोस्तालाही झाला असता. मी म्हणतो, थांबा जरा. त्या पाण्यात बुडी मारणारी बाई बहुतेक मोलमजुरी करणारी असते. पुजाऱ्याच्या घरी फिल्टर असतो.

पुण्याच्या हिशेबाचंही सांगतो. महापालिकेच्या जुन्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची ताकद दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर. भैरोबा, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, मुंढवा अशी ती पसरलेली. शहराचं मैलापाणी त्याच्या कितीतरी पुढं गेलं. म्हणून जपानच्या कर्जातून ११ नवी केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटरची, ९९० कोटींची योजना मंजूर झाली. कर्जाचा करार जानेवारी २०१६ चा. मंजुरीपासून काम सुरू व्हायलाच सहा-सात वर्षं गेली. मधल्या काळात नदीकाठ सुशोभित करायचा हजारो कोटींचा प्रकल्प मात्र जोरात पुढं आला. काठ चकचकीत करायचा, पाण्याचं पाण्याला! मुंढव्याला जॅकवेल बांधून वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून जुन्या बेबी कालव्यात, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडच्या शेतीला द्यायचं असंही ठरलेलं आहे. ठरलंय ते चांगलं आहे. धरणाचं पाणी तुम्ही प्या, त्याच्या बदल्यात वापरलेलं पाणी साफ करून खालच्याला द्या. हा साधा न्याय झाला. पण साफ न करता दिलं, तर तो वरच्या पाणवठ्याचा जुनाच कायदा पाइपातून आला असं म्हणावं लागेल.

मला दिसतं ते असं, की जुन्या गावात खालचा पाणवठा आपल्या एकट्याचा होता. आता शहरानं सगळे खालचे तालुकेच खालच्या पाणवठ्यावर बसवले. इंदापूरचा बागायतदार पाटील, ज्याच्या आज्यानं कुणाच्या तरी आजीला नदीवर हटकलं असेल, तो आज पुण्याच्या नावानं बोटं मोडतो. वरच्यानं घाण करावी आणि खालच्यानं गप प्यावी ह्यात काय वाटतं ते त्याला थोडंसं कळलं असेल. पण त्याची खालची जागा आणि आपली खालची जागा एक नाही. त्याला बोअर पाडता येतं, पाण्याचे जार विकत घेता येतात, आमदाराला फोन लावता येतो. वस्तीवरचा माणूस अजून नदीवर किंवा नदीकाठच्या विहिरीवर. जारचं पाणी हा पैसेवाल्याचा झिरा. पैसा नसलेल्याला आजीचाच झिरा उरतो, आणि वाळू तर उपसून नेली.

आता झिरा आठवा. आजी खाली बसून वरच्यांची घाण गाळत होती. तिचा वेळ, तिची बोटं, तिची भावंडं. मैलाशुद्धीकरण केंद्राची सगळी नैतिक बाजू मला ह्या एका गोष्टीत दिसते: तो घाण करणाऱ्याच्या दारात खणलेला झिरा आहे. गाळायचं काम खालच्यानं करायचं नाही. ज्यानं पाणी वापरलं त्यानं गाळायचं, त्याच्या खर्चानं, त्याच्या जागेवर, आणि मग नदीत सोडायचं. ह्याला कुणी सेवा म्हणू नये, नदीमातेची पूजा तर बिलकुल म्हणू नये. हे देणं आहे. उसनं घेतलेलं भांडं घासून परत करतात तसं.

बाबासाहेब ह्याच्या पलीकडं पोचले होते. १९४२ ते ४६ ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर आणि महानदीच्या योजना त्यांच्या खात्याकडं होत्या. नदीचं खोरं उगमापासून मुखापर्यंत एक धरायचं, प्रत्येक प्रांतानं आपापला तुकडा तोडून बसायचं नाही, ही दृष्टी त्या कामामागं आहे. आपण त्यांना घटनेत आणि दीक्षाभूमीवर बघतो, धरणाच्या नकाशावर झुकलेले बघत नाही. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून बघा. सिद्धार्थानं घर का सोडलं? म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून, ही गोष्ट बाबासाहेबांनी मान्य केली नाही. त्यांनी कारण दिलं रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य आणि कोलिय, नदी एक, पाणी आधी कुणी घ्यायचं ह्यावर भांडण; संघानं युद्ध ठरवलं, सिद्धार्थानं विरोध केला, दोन्हीकडची माणसं निवडून पंच नेमा म्हणाला. ऐकलं नाही. म्हणून तो बाहेर पडला. आपल्या धम्माच्या पहिल्या पानांवर नदीच्या पाण्याचा तंटा आहे, दोस्तहो. मग नदी 'त्यांची' कशी झाली?

तरी दोस्ताचं अर्धं बोलणं उरतंच. तो म्हणेल, केंद्र बांधा म्हणतोस, पण तिथं उतरणार कोण?

हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण मी रोज बघतो. प्लँटवर केमिस्टची खुर्ची आहे, पंख्याखाली. ऑपरेटरची जागा आहे. आणि जाळीवर, गाळाच्या खड्ड्यावर हेल्पर आहेत, कंत्राटी. आडनावं विचारायची गरज पडत नाही. यंत्र नवं आलं, पण कोण कुठं उभं राहणार ते जुन्यानंच ठरवलं. सफाई कामगारांची केंद्र सरकारनं नोंदणी केली, २०२४ पर्यंत ३८ हजारांच्या आसपास नोंदी झाल्या, त्यांत जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे. बाबासाहेबांनी १९४५ सालीच लिहून ठेवलंय, की इथं माणूस भंगी ठरतो तो कामामुळं नव्हे, जन्मामुळं. मग तो ते काम करो न करो.

आणि मॅनहोल. हाताने मैला साफ करण्याच्या विरोधात १९९३ चा कायदा, परत २०१३ चा कायदा. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, ३० लाख द्या. किंमत वाढतेय, मरण थांबत नाही. सरकारनंच संसदेत दिलेला आकडा आहे, २०१९ ते २०२३ ह्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ जण मेले. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू, हायड्रोजन सल्फाइड, थोडा असला की वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटून माणूस आत उतरतो, आणि त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. हे प्रत्येक वस्तीत पोरांना सांगा. वास जाणं ही धोक्याची खूण आहे.

म्हणून मी दोस्ताशी इथं सहमत आहे: माणूस उतरवून साफ केलेली नदी मला नको. महाडलाच बाबासाहेबांनी सांगितलं होतं, मेलेलं ढोर ओढणं सोडा, मेलेलं मांस सोडा. ते सोडलं तेव्हा गावानं बहिष्कार टाकला, तरी सोडलं. तो नकार आपला वारसा आहे. पण नकार कशाला होता? जन्मानं लादलेल्या कामाला. ढोरं कुजत पडू द्या आणि गावाबरोबर आपणही त्या वासात मरू या, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. आपण मैला वाहणार नाही, आणि तो नदीत सोडूही देणार नाही, ह्या दोन गोष्टी एका तोंडानं बोलता आल्या पाहिजेत. एकच बोललो तर फसतो. नुसतं 'नदी वाचवा' म्हटलं तर आरतीवाले आपल्याला झाडू देतात. नुसतं 'सडू द्या' म्हटलं तर सडकं पाणी आपल्याच वस्तीच्या दारात येतं, कारण वस्ती उताराला आहे.

लंडनचं उदाहरण ह्याच कारणानं मला आवडतं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की काठावरच्या पार्लमेंटात बसवेना. गरीब वस्त्या त्याआधी कित्येक वर्षं पटकीनं मरत होत्या, तेव्हा पैसा नव्हता. वास खासदारांच्या नाकात शिरला आणि पैसा निघाला, गटारं बांधली गेली. तीही आधी मैला शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडण्यापुरतीच! खालचा पाणवठा लंडनलाही होता. आपल्याकडं तर वास वर जाण्याची सोयच नाही. वरच्या लोकांचं पाणी डोंगरातून येतं आणि घाण खाली जाते. तेव्हा वास त्यांच्या टेबलावर कागदानंच न्यावा लागेल.

भोरसारखं गाव घ्या. संस्थानाचं गाव, नीरेकाठी राजवाडा, शूटिंगवाल्यांचा आवडता. (कॅमेरा पाण्यावरून फिरतो, पाण्यात शिरत नाही.) लोकसंख्या वीस हजारांच्या आत. एवढ्या लहान गावांत सगळीकडं भुयारी गटार नसतं, घराघरात सेप्टिक टाकी असते. ती भरली की उपसायचा टँकर येतो, आणि तो टँकर कुठं रिकामा होतो हे रात्री ओढ्याकाठी राहणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणजे मोठ्या शहराचं केंद्र नसलं तरी प्रश्न तोच. पण ह्यावर उपाय फार लांब नाही. मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की वाई. घाटांचं आणि वेदशाळेचं गाव, तिथं मला धडा मिळेल असं कधी वाटलं नव्हतं! वाई नगरपरिषदेनं २०१८ पासून सेप्टिक टाक्या पाळीपाळीनं, दर तीन वर्षांनी उपसायच्या असं ठरवलं, टँकरच्या नळीनं, आणि उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. सिन्नरलाही तसंच केलं. टाकी तुंबून वाहायची वाट बघायची नाही, घाईघाईनं कुणाला आत उतरवायचं नाही. वेळापत्रकानं माणूस वाचतो. एवढी साधी गोष्ट.

मग कामाला कुठं लागायचं? मंत्र्याच्या दारात जाऊन निवेदन देणं मी सांगणार नाही, त्याचे फोटो येतात फक्त. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आपापल्या नगरपरिषदेत, महापालिकेत, नाहीतर ग्रामपंचायतीत अर्ज टाका. १९७४ च्या पाण्याच्या कायद्याखाली प्रदूषण मंडळाची संमती घेतल्याशिवाय मैलापाणी नदीत सोडता येत नाही. त्या संमतीची प्रत मागा. केंद्र असेल तर मागच्या बारा महिन्यांचे बीओडीचे आकडे मागा. २०१७ च्या अधिसूचनेत मोठ्या महानगरांना २० आणि बाकीच्यांना ३० ची मर्यादा आहे, आणि हरित लवादानं २०१९ मध्ये १० चा आग्रह धरला. मग केंद्राचं बारा महिन्यांचं वीजबिल मागा. हे मी माझ्या रात्रपाळीतून शिकलो. वहीत आकडा कसाही भरता येतो, पण हवा सोडणाऱ्या मोटारी चालल्या नसतील तर बिल कमी येतं, आणि बिल लिहिणारा दुसऱ्या खात्याचा असतो. केंद्र नसेल तर सेप्टिक टाक्यांचा गाळ नेणाऱ्या टँकरचा ठेकेदार कोण आणि तो कुठं ओततो, हे मागा.

शेवटचा प्रश्न त्या दोस्तानं घातला, मी मसुदा दाखवला तेव्हा. केंद्रावर आणि गटारावर कंत्राटी माणसं किती, त्यांना मास्क, हातमोजे, दोर, वायू मोजायचं यंत्र दिल्याच्या पावत्या, आणि मागच्या पाच वर्षांत कुणाला आत उतरवलं त्याची नोंद. नोंद नाही असं उत्तर आलं तर ते उत्तरही जपून ठेवायचं.

अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडावी. मसुदा माझ्याकडं आहे. ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावा, आपल्या गावाचं नाव टाकावं. जय भीम.